शिष्यवृत्तीचे कागद उन्हाळ्यातच करा

माझ्या वडिलांचं नाव रफिक. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर या नावाच्या शेवटी इंग्रजीत 'क्यू यू ई' आहे, आधार कार्डावर नुसता 'के' होता आणि बँकेच्या पासबुकात 'क्यू'. एका माणसाची तीन नावं झाली आणि माझी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती त्यात अडकली ती अडकलीच. अब्बांची बार्शीत पानपट्टी होती. त्या वर्षीची फी त्यांनी हातउसने पैसे घेऊन भरली. ते पैसे फेडायला त्यांना दीड वर्ष लागलं.

आता मी सोलापुरात एका संस्थेत नोकरी करते आणि दर रविवारी दुपारी मोहल्ल्यातल्या वाचनालयात बसते. मुलंमुली कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. मुस्लिम जास्त, पण बौद्ध आणि ख्रिस्ती घरांतलीही येतात. मार्क बहुतेकांना चांगले असतात. अडतं ते कागदावर, आणि कागद करायला वेळ लागतो. कॉलेजात अर्जाची सूचना लागते तेव्हा सेतू केंद्राबाहेर रांग असते, तलाठी जागेवर नसतात आणि पोर्टल दुपारभर फिरत राहतं. म्हणून बारावीची परीक्षा संपली की दुसऱ्या आठवड्यात कामाला लागा. हे मी प्रत्येक आईला सांगते, तुम्हालाही सांगते.

सगळ्यात आधी नाव. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा. त्यावर जसं नाव आहे, आडनाव आधी असेल तर आधी, 'शेख'मध्ये 'ए आय' असेल तर 'ए आय', तसंच्या तसं आधारवर आणि बँकेत हवं. बोर्डाचं प्रमाणपत्र बदलणं लांबचं काम आहे, आधार बदलणं त्यामानाने सोपं. गुणपत्रिका घेऊन आधार केंद्रावर जा. पण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे ऑपरेटरने टाइप केलेलं प्रत्येक अक्षर स्क्रीनवर स्वतः वाचा आणि मगच हो म्हणा. गडबडीत पुन्हा चूक झाली तर एक संधी वाया गेली. ज्या मुलींचं शिकता शिकता लग्न झालंय त्यांना माझा सल्ला, शिक्षण पूर्ण होईपर्यंत कागदोपत्री नाव माहेरचंच राहू द्या. मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना, तेही त्याच फेरीत बघून घ्या, कारण पुढे प्रत्येक पायरीला ओटीपी लागतो.

मग दाखले. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला एकदाच काढायचा असतो. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसील कार्यालयातून ताजा लागतो, कारण त्यावर ३१ मार्चपर्यंत वैध असं छापलेलं असतं. मार्चमध्ये हौसेने काढलेला दाखला जुलैत कामाला येत नाही, म्हणून हा एक कागद एप्रिल उजाडल्यावर काढा. वडील हातगाडी लावत असतील, रिक्षा चालवत असतील, तर पगाराची स्लिप कुठून आणणार? तिथे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा चौकशी अहवाल चालतो. उत्पन्न खरं तेच सांगा. एका दाखल्यावर साठ हजार आणि दुसऱ्या योजनेसाठी दीड लाख असं दिसलं की दोन्ही अर्ज संशयात येतात. अल्पसंख्याक असल्याचा वेगळा सरकारी दाखला बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद असते आणि सोबत स्वयंघोषणापत्र द्यायचं असतं. महाराष्ट्रात मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, शीख, पारशी, जैन आणि ज्यू हे समाज अल्पसंख्याक धरले जातात.

आता जातीच्या दाखल्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या मोहल्ल्यात यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. 'आपण मुस्लिम, आपल्याला कसली जात' म्हणून लोक सोडून देतात. पण बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी असे कितीतरी मुस्लिम समाज राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. तो दाखला असेल तर अल्पसंख्याक योजनेखेरीज ओबीसीच्या योजनेचंही दार उघडतं. अट अशी, की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, त्या जातीची नोंद असलेला घरातला पुरावा लागतो. बहुतेक घरांत तो आजोबांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो.

माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग अब्बांच्या चुलत्यांनी सांगितलं, गावच्या दप्तरात बघा. गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. मी अर्ज केला, तिसऱ्या खेपेला वही समोर आली. पानं तपकिरी, कडा कुरतडलेल्या आणि अक्षर मोडीतलं. मला एक ओळ वाचता येईना. तिथल्या एका वयस्कर कारकुनांनी चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत खाली आले आणि म्हणाले, 'हे बघ, जात तांबोळी, मुलगा.' आजोबांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद होती ती. शाईचा एक डाग जातीच्या शब्दाला अगदी खेटून होता, शब्द तेवढा बचावला होता. त्या नकलेवर आमच्या घरातल्या सात जणांचे दाखले निघाले. म्हणून कुणी 'आमच्याकडे काहीच नाही' म्हणालं की मी विचारते, नमुना १४ बघितलात का? आजोबांच्या भावांची शाळा बघितलीत का? नातं जोडणारी वंशावळ मात्र नीट लिहा. आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत टाका. त्या समितीला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

योजना कोणती निवडायची? एका वर्षी एकाच अभ्यासक्रमासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, त्यामुळे विचार करूनच अर्ज करा.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजना उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षण अशा संचालनालयांच्या नावाखाली दिसतात. साधी पदवी असेल तर पहिली, इंजिनिअरिंग, फार्मसी असेल तर दुसरी. इथे मंजूर होणाऱ्या अर्जांची संख्या ठरलेली असते, म्हणजे पात्र असूनही नाव लागेलच असं नाही. मुलींनी आधी वेगळं दार ठोठवावं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शेख, पठाण, सय्यद घरातली मुलगी ओबीसीत बसत नसेल तरी ईडब्ल्यूएसमध्ये बसू शकते. हे कुणी सांगतच नाही. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात तर मात्र हे मिळत नाही, तेव्हा कॅपचा फॉर्म चुकवू नका.

बौद्ध मुलांनी लक्षात घ्यावं, की तुम्ही अल्पसंख्याकही आहात आणि अनुसूचित जातीचा दाखला असेल तर त्या योजनाही तुमच्याच आहेत. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ज्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात, ती जवळजवळ नेहमीच उजवी ठरते. अल्पसंख्याक म्हणून वेगळा अर्ज टाकून गुंता करू नका.

केंद्राच्या अल्पसंख्याक योजनांवर मात्र भिस्त ठेवू नका. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, त्या फेलोशिपवर शिकलेल्या दोघीजणी मी जवळून पाहिल्या आहेत. पण राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल सोडून देऊ नका, कारण तिथे धर्म न विचारणाऱ्या योजना आहेत. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, एका घरातल्या दोघींपर्यंत. या पोर्टलवर आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करून चौदा अंकी क्रमांक घ्यावा लागतो. तो वहीत लिहून ठेवा.

आणि एक विचारा: आईवडील काय काम करतात? सोलापुरात हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. आई विडी वळत असेल आणि तिच्याकडे विडी कामगाराचं कार्ड असेल, तर केंद्रीय श्रम खात्याची विडी कामगारांच्या मुलांसाठीची मदत राष्ट्रीय पोर्टलवरच आहे. वडील गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी असतील आणि वर्षात ९० दिवसांचं काम दाखवून इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदलेले असतील, तर पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० आणि इंजिनिअरिंगला ६०,००० रुपये मिळतात. गेल्या वर्षी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून एक मुलगी आली होती. अल्पसंख्याक योजनेचा अर्ज कसा भरायचा एवढंच विचारायला. तिची आई विडी वळते, वडील फरशी बसवतात आणि घरात दोघांपैकी एकाचीही नोंदणी चालू नव्हती. वडिलांचं कार्ड दोन वर्षांपूर्वी नूतनीकरणाविना बंद पडलेलं, कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत. आम्ही आधी ते कार्ड चालू केलं.

अर्ज भरताना लॉगिन स्वतःच्या मोबाइल नंबरवर करा. सायबर कॅफेवाल्याच्या नंबरवर खातं उघडलं तर वर्षभर त्याच्या दारात जावं लागतं. अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाच्या टेबलावर जातो, मग प्राचार्य, मग विभाग. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर कारण वाचा आणि त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण परत पाठवण्यालाही मुदत असते. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज तुम्हालाच करायचा असतो, आपोआप काही होत नाही. शिष्यवृत्तीतून येणारी फी प्रवेशावेळी मागू नये अशी सरकारची परिपत्रकं आहेत. तरी मागितली तर भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याची कारणं दोनच आढळतात. एक, बँकेत आधार 'लिंक' आहे पण एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, यादीत तुमचं खातं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे ज्या खात्याची नोंद एनपीसीआयकडे सर्वांत शेवटी झाली तिथे जातात, तुम्ही अर्जात कोणतंही पासबुक जोडा. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे नको असलेली बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. दुसरं कारण, शाळेत असताना कमी कागदपत्रांवर उघडलेलं 'स्मॉल अकाउंट'. त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला एक लाखाच्या वर रक्कम जमा होत नाही, त्यामुळे मोठी रक्कम परत जाते. पूर्ण केवायसी देऊन ते साधं बचत खातं करून घ्या.

एवढं झालं की दुसऱ्या गोष्टीकडे वळा, ती म्हणजे संस्थेत काम. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला ऑन जॉब ट्रेनिंग आणि सामाजिक कामाचे क्रेडिट आहेत. चार क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे १२० तास. बहुतेक मुलं ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून ते तास कागदावर भरतात. मला ते बघवत नाही. तेच १२० तास चांगल्या स्वयंसेवी संस्थेत दिलेत तर नोकरीची पहिली ओळख तिथे होते, माझी झाली.

तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी संस्थांना सहजी मिळत नाही. घरी दखनी, शाळेत मराठी, थोडं उर्दू वाचता येतं. झोपडपट्टीत आरोग्याचं किंवा शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला घरात बसून बायकांशी त्यांच्या बोलीत बोलणारं आणि संध्याकाळी नीट मराठीत अहवाल लिहिणारं माणूस हवंच असतं. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात आम्ही चौघीजणी होतो. एका घरात आजीबाई दाराआडूनच 'नको नको' म्हणत होत्या. मी म्हटलं, 'खाला, पानी मिलेंगा क्या?' त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, मग सुनेला हाक मारली, आणि तासाभराने सुनेच्या रक्तक्षयाच्या गोळ्या अर्ध्यातच का थांबल्या ते आम्हाला कळलं. अर्जात ही गोष्ट लिहायला लाजू नका. भाषा हे कौशल्य आहे.

संस्था कुठे शोधायच्या? ग्रामीण जिल्ह्यात असाल तर 'असर'च्या सर्वेक्षणाची चौकशी करा. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चाललेल्या या पाहणीत प्रत्येक जिल्ह्यात ३० गावं आणि गावागणिक २० घरं घेतात, आणि घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावणारे बहुतेक स्वयंसेवक स्थानिक कॉलेजातले असतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि शनिवार-रविवार गावात, एवढ्यानेही पाहणी म्हणजे काय ते हाताला कळतं. थोडं मोठं पाऊल टाकायचं असेल तर गडचिरोलीच्या शोधग्राममधली तरुणांसाठीची 'निर्माण' शिबिरं आहेत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेली. मुंबईत 'कोरो', 'युवा', मुस्लिम महिलांसाठी काम करणारी 'आवाज-ए-निस्वाँ', पुण्यात हमीद दलवाईंनी १९७० मध्ये स्थापन केलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ, यांची कामं वाचा. वाचून मग ठरवा की आपल्याला कशात मन आहे: मुलांना शिकवणं, कायद्याची मदत, आरोग्य की हिशेब. बी.कॉम.च्या मुलांना सांगते, छोट्या संस्थांना हिशेबनीस मिळत नाहीत. तुमचं शिक्षण तिथे सोन्यासारखं आहे.

छोटी, ओळख नसलेली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर तिचं नाव बघा. इंटर्नशिपसाठी नोंदणी शुल्क मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. तिथे तुमचं श्रम जातंय, पैसे तुम्ही कशाला द्यायचे?

पैशांचं आधी विचारा, आणि स्पष्ट विचारा. माझ्या पहिल्या ठिकाणी मी विचारलं नव्हतं. रोज दोन बस बदलून जायचे. नवव्या दिवशी अम्मीने डब्यातले सुटे पैसे मोजले आणि काही न बोलता मला दिले. त्या दिवसानंतर मी गेले नाही आणि कारणही सांगितलं नाही, त्याची खंत आहे. संस्थेला बसभाडं देता आलंही असतं, मी विचारलंच नाही. आता मी मुलांकडून वाक्य पाठ करून घेते: 'मानधन आहे का? नसेल तर प्रवासखर्च मिळेल का?' यात कमीपणा नाही. प्रवासखर्चही नसेल तर घराजवळचं काम किंवा आठवड्यातले दोनच दिवस मागा.

अर्ज दहा ओळींचा पुरे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी असा लिहायला सांगते:

'नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. आपल्या संस्थेचं नई जिंदगी भागातलं बालवाडीचं काम मी पाहिलं आहे, माझी धाकटी बहीण तिथे होती. मला मे महिन्यात १२० तासांचं ट्रेनिंग करायचं आहे, रोज सकाळी चार तास. मराठी आणि दखनी बोलता येतं, उर्दू वाचता येतं, एक्सेलमध्ये तक्ता भरता येतो. मोहल्ल्यात १२ बायकांना आधारवरची दुरुस्ती करून घ्यायला मदत केली आहे. मानधन किंवा प्रवासखर्चाची सोय आहे का, तेही कळवावं. भेटायला येऊ शकते.'

काय पाहिलं, किती तास देणार, काय येतं, काय केलं. 'समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. संस्थेत दोन-चार माणसं सगळं बघत असतात, पत्र राहून जातं.

मुलींच्या घरी परवानगीचा प्रश्न येतो. भांडून उपयोग होत नाही, मी दुसरा मार्ग सांगते. पहिल्या दिवशी आईला सोबत घेऊन जा. तिथल्या ताईंशी तिची ओळख करून द्या, त्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये टाका. अम्मीने जागा एकदा डोळ्यांनी बघितली की तिचं निम्मं काळीज ठिकाणावर येतं. आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असावीच लागते, २०१३ चा कायदा आहे. समितीवर कोण आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

काम करताना रोज रात्री वहीत तीन ओळी लिहा: तारीख, किती तास, काय केलं. कॉलेजचा अहवाल त्यातूनच तयार होतो. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मागाल तेव्हा त्यावर तास, तारखा आणि नेमकं काम लिहून घ्या, नुसतं 'उत्तम सहकार्य केले' नको. आणि ताई प्रमाणपत्र टाइप करायला बसतील तेव्हा दहावीची गुणपत्रिका त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे नाव तिथल्यासारखंच पडेल.